मंडळीत जागा आहे, सेवेत नाही: समलैंगिक विश्वासणाऱ्याने हे कसे समजून घ्यावे?

मोहरीचा दाणा (प्रश्न)

नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे, प्रोटेस्टंट कुटुंबात वाढले आहे आणि सहा वर्षे संडे स्कूलमध्ये आठ ते दहा वयाच्या मुलांचा वर्ग घेत होते. पुनरुत्थानाचा सण झाल्यावर मी आमच्या पाळकांना भेटून सांगितले की मी लेस्बियन आहे, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे आणि माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे जिच्यासोबत मला पुढचे आयुष्य घालवायचे आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि दारापर्यंत सोडायला येताना म्हणाले, "तू आमचीच आहेस." त्यांच्या त्या शब्दांत खोटेपणा नव्हता, असे मला आजही वाटते.

आठ दिवसांनी संडे स्कूलच्या प्रमुख बाईंचा फोन आला की काही महिने वर्गातून विश्रांती घ्यावी. प्रभुभोजन घ्यायला हरकत नाही, गायनवृंदात मागच्या ओळीत उभे राहायला हरकत नाही, फक्त शिकवायचे नाही. मुलांच्या हजेरीची वही मी नेऊन दिली. वर्गात योसेफाची गोष्ट चालू होती आणि भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात तिथपर्यंत आम्ही आलो होतो. त्याला बाहेर कोणी काढले, हे मुलांना दुसऱ्याच कोणीतरी सांगितले.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, ज्या वचनांचा आधार घेऊन हे सारे होते ती वचने डोळे न मिटता, प्रामाणिकपणे वाचूनही माझ्यासारखीला उभे राहायला जागा उरते का? दुसरा प्रश्न सांगणे अधिक अवघड आहे. मंडळी माझ्याविषयी काय ठरवते ते ठरवो, पण मी स्वतः देवासमोर कशी बसावी? हल्ली प्रार्थनेला बसले की वकिली सुरू होते. मी माझी बाजू मांडत राहते, उलटतपासणीही मीच करते, आणि "आमेन" म्हणेपर्यंत एकदाही गप्प बसलेली नसते.

"बायबल सोड" आणि "तिला सोड" हे दोन्ही सल्ले मला पुष्कळांनी दिलेले आहेत. कृपया ते पुन्हा देऊ नयेत, एवढी विनंती.

जुना विद्यार्थी

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण बरीच वर्षे मी नव्या कराराचे ग्रीक शिकवले आहे आणि तेवढ्याच विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे.

नेहमी पुढे केली जाणारी वचने मोजकीच आहेत. देवाने नाश केलेल्या सदोम नगराच्या कथेवर मी फार वेळ घालवणार नाही. उत्पत्तीच्या १९व्या अध्यायात परक्या पाहुण्यांवर जमावाने बलात्कार करण्याचा प्रयत्न आहे, आणि शास्ते या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात गिबा नगरात जवळजवळ तसाच प्रसंग एका स्त्रीवर येतो. त्यावरून स्त्रीपुरुषांचे संबंधच पाप आहेत, असा निष्कर्ष आजवर कोणी काढलेला नाही. संदेष्टा यहेज्केल तर आपल्या पुस्तकात १६व्या अध्यायाच्या ४९व्या वचनात सदोमाचा दोष स्पष्टच सांगतो: गर्व, भरपूर अन्न, निश्चिंत सुख, आणि गरिबाला हात न देणे.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील (६:९) दोन शब्दांकडे मात्र नीट पाहायला हवे. पहिला शब्द 'मालाकोई', म्हणजे शब्दशः 'मऊ'. मत्तयाच्या ११व्या अध्यायात राजवाड्यातल्या लोकांच्या मऊ वस्त्रांसाठी हाच शब्द येतो. दुसरा शब्द 'आर्सेनोकोइताई', म्हणजे 'पुरुष' आणि 'शय्या' या दोन शब्दांचा जोड. पौलाच्या आधी तो कोणी वापरल्याचे आढळत नाही, आणि लेवीय २०:१३ च्या ग्रीक भाषांतरात हे दोन शब्द शेजारी शेजारी येत असल्यामुळे तो तिथूनच घडवला गेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्टिन लूथरने आपल्या जर्मन भाषांतरात त्याचा अर्थ 'मुलांना भ्रष्ट करणारे' असा केला. इंग्रजी बायबलमध्ये 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा आला तो १९४६ साली, रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनच्या नव्या करारात. तिथे हे दोन्ही ग्रीक शब्द एकत्र करून त्याच एका शब्दाने भाषांतरित केले होते, आणि १९७१ च्या आवृत्तीत भाषांतरकारांनी स्वतःच तो काढून टाकला. मुळात हा शब्दच १८६०च्या दशकाच्या शेवटी जर्मन भाषेत तयार झालेला आहे. पौलाच्या काळी गुलाम मुलांचे शोषण होते, पैसे देऊन केलेले संबंध होते. दोन प्रौढ स्त्रियांनी आयुष्यभर एकमेकींना निष्ठेने सांभाळणे त्याच्या डोळ्यांसमोर होते की नव्हते, हाच खरा वादाचा मुद्दा आहे, आणि तो वाद भल्या माणसांमध्येही आहे.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय सर्वांत कठीण आहे, तो सोपा करून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण तो वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. पौल पापांची लांबलचक यादी देतो, वाचणारा मान डोलावू लागतो, आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात पौल वळून त्या मान डोलावणाऱ्यालाच पकडतो: दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. दुसरी गोष्ट अशी की 'निसर्गाविरुद्ध' हे जे शब्द तो १:२६ मध्ये वापरतो, तेच शब्द ११:२४ मध्ये चक्क देवाच्या कृतीविषयी येतात: रानटी जैतुनाची फांदी देवाने निसर्गाविरुद्ध चांगल्या झाडाला कलम केली. ती फांदी म्हणजे तुम्ही आणि मी, यहूदी नसलेले सगळेच.

आता माझ्या मनात बरीच वर्षे घोळत असलेली गोष्ट सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा तो षंढ अधिकारी आठवावा. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकातल्या २३:१ प्रमाणे त्याला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. यशया ५६ प्रमाणे देव त्यालाच मुलामुलींच्या नावाहून चांगले नाव देणार होता. म्हणजे त्याच्याविषयी शास्त्रात दोन वचने होती आणि ती एकमेकांना सहज जुळणारी नव्हती. वाटेत पाणी दिसल्यावर तो सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे. या 'अडवणे' अर्थाच्या ग्रीक क्रियापदाचा या पुस्तकाचा लेखक लूक पुढेही वापर करतो. १०व्या अध्यायात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र याचे भाषण संपायच्या आतच त्या परजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, लोकांवर पवित्र आत्मा उतरतो, तेव्हा पेत्र विचारतो की आता पाणी कोण अडवू शकेल. यरुशलेमेत जाब विचारला गेल्यावर तो म्हणतो की देवाला अडवणारा मी कोण. आणि या पुस्तकाचा मूळ ग्रीकमधला अगदी शेवटचा शब्द आहे 'अकोलितोस', म्हणजे 'कोणत्याही अडथळ्यावाचून'.

पेत्राचे मत बदलले ते कोणी वादात त्याला हरवले म्हणून नव्हे. देवाने त्या माणसांना आधीच काय देऊन टाकले आहे, हे त्याने समोर पाहिले आणि मग तो आपल्या शास्त्राकडे पुन्हा वळला. आपण सहा वर्षे वर्ग घेतला, तो आत्म्याच्या दानावाचून घेतला असे आपले पाळकही म्हणणार नाहीत. प्रश्न आपल्याला विचारला जात आहे, पण उत्तर द्यायचे आहे ते त्यांनी.

अरुंद दरवाजा

मी स्वतः समलैंगिक आहे, कॅथलिक आहे, आणि ब्रह्मचर्याचे जीवन स्वेच्छेने स्वीकारलेले आहे. माझे मत इथल्या बहुतेकांहून वेगळे असेल, तरी ताईंनी वचने डोळे न मिटता वाचायची आहेत असे लिहिले म्हणून धीर करून लिहीत आहे.

गुरुजींचे विवेचन मी आदराने वाचले, पण यहेज्केलचे ४९वे वचन सांगताना ५०वे गाळू नये. तिथे 'अमंगळ कृत्य' असाही उल्लेख आहे. कर्नेल्याच्या प्रसंगानंतर प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात जी सभा भरली, तिने परजातीयांना सुंतेतून मोकळे केले, पण जारकर्मापासून दूर राहा असेही त्याच पत्रात कळवले. म्हणजे दार उघडताना काही अट ठेवलीच गेली. आणि परंपरेचा खरा आधार ती पाचसहा वचने नव्हेतच. तो स्त्रीपुरुष एकदेह होतात असे सांगणाऱ्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावर आणि मत्तय १९ मध्ये येशूने त्याच अध्यायाच्या दिलेल्या हवाल्यावर उभा आहे.

इतके लिहूनही ताईंच्या मंडळीने केले ते मला योग्य वाटत नाही. माझ्या चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातील २३५८वा परिच्छेद समलैंगिक व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावे व त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असे सांगतो. त्याच ग्रंथात आधीच्या परिच्छेदात समलैंगिक कृतींसाठी वापरलेली भाषा मला आजही टोचते, हे लपवत नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. माझ्याकडून ब्रह्मचर्याची अपेक्षा करणारे लोक, रविवारी मिस्सा झाल्यावर मी कोणाच्या घरी जेवतो हे कधी विचारत नाहीत. आयुष्यभराचे व्रत मागायचे आणि त्या व्रताला लागणारे कुटुंब मात्र द्यायचे नाही, हा व्यवहार शास्त्रात कुठेही सापडत नाही.

माझी वाट तुम्ही घ्यावी असे मी म्हणत नाही. ती घ्यायची तर भीतीपोटी घेऊ नये, एवढे मात्र नक्की सांगेन. मी पहिली आठ वर्षे भीतीपोटी चाललो आणि त्या वर्षांत मी फारसा भला माणूस नव्हतो.

जुना विद्यार्थी

५०वे वचन गाळले, ही चूक कबूल. मात्र ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर 'अमंगळ' असे होते, तो शब्द यहेज्केल मूर्तिपूजेसकट अनेक गोष्टींना लावतो, हेही नोंदवून ठेवतो. १५व्या अध्यायाचा मुद्दा वजनदार आहे आणि एका ओळीत त्याला उत्तर देणे योग्य होणार नाही.

नववी वही

मी दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

वयाच्या बाविसाव्या वर्षी मी स्वतःहून एका ख्रिस्ती गटात गेलो, जिथे प्रार्थना, उपास आणि समुपदेशन यांच्या जोरावर लैंगिक कल बदलतो असे शिकवले जाई. प्रत्येकाने एक वही ठेवायची असे. ज्या दिवशी मनात काही आले नाही त्या दिवसापुढे निळी खूण, आले तर लाल. दर गुरुवारी ती वही मार्गदर्शकाला दाखवायची. मार्गदर्शक वाईट माणूस नव्हता. लाल खुणा जास्त दिसल्या की त्याचेच डोळे भरून येत, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मी काही लाल दिवस निळे करू लागलो. अशा नऊ वह्या भरल्या. नवव्या वहीत एक पूर्ण महिना निळा होता आणि त्यातला एकही दिवस खरा नव्हता. देवाकडे जायचे म्हणून ज्या जागी गेलो, तिथे मी रोज खोटे लिहायला शिकलो.

अशा गटांची सर्वांत मोठी संघटना, एक्सोडस इंटरनॅशनल, १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या स्थापनेत सहभागी असलेले मायकल बसी आणि गॅरी कूपर हे दोघे काही वर्षांतच बाहेर पडले आणि एकमेकांचे जोडीदार झाले. २०१२ मध्ये तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनी कबूल केले की त्यांना भेटलेल्यांपैकी जवळजवळ कोणाचाही कल बदललेला नाही, आणि जून २०१३ मध्ये माफी मागून संघटना बंद केली गेली. वैद्यकीय बाजूने पाहिले तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलेली होती. म्हणजे ज्या गोष्टीला आजार म्हणणे केव्हाच थांबले होते, तिच्यावर माझे उपचार चालू होते.

तुम्ही लिहिले आहे की प्रार्थनेत वकिली सुरू होते. मला वाटते, ती वकिलीसुद्धा एक वहीच आहे. फरक इतकाच की तुमच्या वहीत सगळ्या खुणा निळ्या आहेत हे तुम्ही सिद्ध करू पाहत आहात. मला सुटका मिळाली ती वाद जिंकल्यामुळे नव्हे. रोमकरांस पत्राचा अर्थ मला आजही पूर्ण लागलेला नाही. एका रात्री मी इतका थकलेला होतो की प्रार्थनेत फक्त त्या दिवशी काय घडले ते सांगितले. कोणाला भेटलो, कशाला हसलो, कोणाची आठवण आली. त्यात ज्याच्यावर माझे प्रेम होते त्याचे नाव आले आणि मी ते खोडले नाही. आकाश कोसळले नाही, आणि कसला आवाजही आला नाही. मला झोप लागली. स्तोत्र १३९ मध्ये 'तू मला पारखले आहेस' हा भूतकाळ आहे, हे मला त्यानंतर कधीतरी लक्षात आले. पारख होऊन गेलेली असेल, तर पुरावे कोणासाठी गोळा करायचे?

वेलांटी

वरची चर्चा फार चांगली झाली आहे, पण मूळ प्रश्नातली एक व्यवहाराची बाजू सुटते आहे. "तू आमचीच आहेस" आणि "शिकवू नकोस" ही दोन वाक्ये एकाच मंडळीकडून आली. पहिले प्रेमाचे आहे आणि दुसरे दर्जाचे. या दोन्हींत गल्लत झाली की माणूस वर्षानुवर्षे प्रेमाची परतफेड म्हणून दुय्यम दर्जा सहन करत राहतो.

हे मी रागाने म्हणत नाही. इतिहास पाहून म्हणते. ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल पाळक समलैंगिक असल्यामुळे आपल्या चर्चमधून बाहेर काढले गेले, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचले आणि ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळ आपल्या घरात त्यांनी उपासना घेतली. बारा जण आले होते. त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभे राहिले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने विल्यम जॉन्सन या उघडपणे समलैंगिक असलेल्या तरुणाला पाळकपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युनायटेड मेथडिस्ट चर्चने समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे असे वाक्य आपल्या नियमांत घातले. ते वाक्य निघायला २०२४ साल उजाडले. मधली ५२ वर्षे तिथल्या समलैंगिक सभासदांना "तुमचे स्वागत आहे" हे सांगितले जातच होते. अमेरिकेत न्यू हँपशायरचे बिशप म्हणून २००३ मध्ये उघडपणे समलैंगिक असलेले जीन रॉबिन्सन यांचा अभिषेक झाला तेव्हा त्यांना झग्याखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालावे लागले. २००९ मध्ये चर्च ऑफ स्वीडनने समलिंगी विवाह लावायचे ठरवले आणि त्याच वर्षी एवा ब्रुन्ने या लेस्बियन स्त्रीला स्टॉकहोमची बिशप केले. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण तो विवाहासारखा दिसता कामा नये अशी अट घालून. कोण कुठे उभे आहे हे अशा तपशिलांतूनच कळते.

म्हणून माझे सुचवणे असे आहे की पाळकांना लेखी विचारावे, आणि नेमके विचारावे. मी सभासद म्हणून मतदान करू शकते का? काही महिने म्हणजे किती, आणि ते कोणी, कोणत्या सभेत ठरवले? वर्गात परत यायचे तर माझ्यात काय बदल झालेला त्यांना अपेक्षित आहे? माझी जोडीदार माझ्याशेजारी बसून प्रभुभोजन घेऊ शकेल का? उद्या मी वारले तर दफनविधीत पहिल्या बाकावर तिला बसवाल का? शेवटचा प्रश्न अशुभ वाटेल, पण मी माझ्या मैत्रिणीच्या अंत्यविधीत तिच्यासोबत एकोणीस वर्षे राहिलेल्या जोडीदाराला खांबाआड उभी राहिलेली पाहिली आहे, म्हणून तो लिहिते.

उत्तर 'नाही' असे आले तरी ते निदान स्पष्ट असेल, आणि मग राहायचे की दुसरी मंडळी शोधायची हे आपल्याला ठरवता येईल. राहणाऱ्या भेकड नसतात आणि जाणाऱ्या विश्वास सोडत नाहीत. मी दोन्ही केले आहे.

मोहरीचा दाणा

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. 'अरुंद दरवाजा' यांच्या जेवणाच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. आमच्या मंडळीत असे एक गृहस्थ आहेत आणि मीही त्यांना कधी विचारलेले नाही.

पत्राचा मसुदा तयार केला आहे. दफनविधीचा प्रश्न आधी गाळला होता, मग पुन्हा घातला. वकिली पूर्ण थांबलेली नाही, पण काल रात्री प्रार्थनेत माझ्या जोडीदाराचे नाव घेतले आणि त्यापुढे "कारण" हा शब्द आला नाही.

रविवारी उपासना संपल्यावर वर्गातल्या एका मुलीने मला अंगणात गाठले आणि योसेफाच्या त्या रंगीबेरंगी झग्याचे पुढे काय झाले, ते नव्या बाईंनी सांगितलेच नाही, अशी तक्रार केली. शिकवायची मला परवानगी नाही, पण विचारले तर उत्तर द्यायचे की नाही हे कोणी सांगितलेले नव्हते. जिन्याजवळ उभ्या उभ्या मी तिला खरे ते सांगितले, की भावांनी तो बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापाकडे पाठवला, आणि बापाने तो ओळखला. ती म्हणाली, "पण योसेफ तर जिवंत होता ना?" मी हो म्हणाले.

पत्र बुधवारी देईन. उत्तर आले की इथे कळवते.